रात्री साडेआठनंतरचं रक्त

हत्तीरोगाच्या तपासणीचं रक्त रात्रीच घ्यावं लागतं. दिवसा घेतलं तर ज्याच्या अंगात कृमी आहेत, त्याच्याही रक्ताची काचपट्टी बहुतेक वेळा स्वच्छ निघते. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा हा कृमी माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगात साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, मुक्काम ठोकतो, पाच-सात वर्षं जगतो आणि त्याची मादी रक्तात पिल्लं सोडत राहते. ही पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दबा धरून असतात. क्युलेक्स डास चावायला निघतो त्या वेळी, रात्री, ती कातडीखालच्या रक्तात येतात. म्हणून आमचं काम साडेआठला सुरू होतं आणि मध्यरात्रीपर्यंत चालतं.

मी नागपूर जिल्ह्यात हत्तीरोग पथकात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. कंत्राटी. रात्री रक्त घेणं, सकाळी काचा रंगवणं, दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि मोहिमेच्या दिवसांत आशाताईंसोबत घरोघर गोळ्या खाऊ घालणं, असं सगळं करत आले. लग्नात, प्रवासात कोणी विचारलं की काय करता, आणि मी सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हत्तीरोग अजून आहे?’ आहे. पूर्व विदर्भात तर आहेच. आणि तो नाही असं वाटू लागलंय, हीच सध्या आमच्यापुढची सगळ्यात मोठी अडचण आहे.

रात्रीच्या सर्वेक्षणाचं आधी सांगते. मौदा-कुहीकडच्या धानपट्ट्यातलं एखादं गाव धरा. आम्ही पोचतो तेव्हा जेवणं उरकत आलेली असतात. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल लागतं. त्यावर काचपट्ट्या, बोट टोचायची लॅन्सेट, स्पिरिटचे बोळे, नोंदवही. एका ठिकाणच्या किमान ३०० लोकांचं रक्त हवं असतं. ओट्यावर स्वतःहून येणारे पहिल्या तासात संपतात. त्यानंतर दारं वाजवावी लागतात, आणि माझ्या मते खरी तपासणी तिथूनच सुरू होते. जो माणूस बोलावल्याबरोबर ओट्यावर येतो, तो मोहिमेत गोळ्याही खातो. जो घरातून बाहेर येत नाही, त्याने बहुधा गोळ्याही खाल्लेल्या नसतात. सोप्या तीनशे काचा गोळा करून परतलं तर गावाचं चित्र खोटं येतं.

‘रातच्या काहून येता, ताई? दिवसा या न. आमी आता झोपतो.’

‘बाबाजी, ते पिल्लं रातच्यालेच भायर निघतात. दिवसा आली तं मले काईच नाई दिसत.’

कोणी म्हणतं, हे रक्त नेऊन विकतात. कोणी म्हणतं, सरकारले आमच्या रक्तातून काय पाह्याचं हाय. यावर चिडून चालत नाही. मी सरळ माझी काचपट्टी दाखवते. किती रक्त लागतं ते बघा म्हणते: वीस घनमिलिमीटर, एका थेंबापेक्षाही कमी. एकदा बाईने हात पुढे केला की घरातले बाकीचे आपोआप येतात, हे मी गावोगाव पाहिलंय. थंडीत बोटं गारठलेली असतात, टोचलं तरी रक्त येत नाही. मग आधी तळवे चोळायला सांगायचं. काचेवर पेन्सिलीने क्रमांक, नोंदवहीत तोच क्रमांक, नाव, वय, मागच्या फेरीत गोळ्या खाल्ल्या का. हा शेवटचा रकाना लोक घाईत भरतात. माझ्या दृष्टीने तो रक्ताइतकाच महत्त्वाचा आहे.

काचा रात्रभर वाळवायच्या असतात आणि मुंग्या-झुरळांपासून राखायच्या असतात. उघड्या राहिल्या तर सकाळपर्यंत रक्ताचे ठिपके खाल्लेले असतात आणि माणूस पुन्हा बोट द्यायला तयार होत नाही. सकाळी काच पाण्यात धरली की लाली सुटून जाते, मग वाळवून रंग. सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो काचा रिकाम्या जातात. मध्येच एखाद्या काचेवर पाव मिलिमीटर लांबीचा, पातळ आवरणातला, सुरेख वळणं घेतलेला जीव दिसतो. शेपटीच्या टोकापर्यंत केंद्रकं पोचलेली नसतात, त्यावरून ओळख पक्की होते. डॉक्टर टिमोथी लुइस यांना १८७२ साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात हे जीव दिसले होते. दीडशे वर्षांहून जास्त काळ आपल्याला हा शत्रू चेहऱ्याने ठाऊक आहे. त्यावर औषध आहे, तेही साधं आणि स्वस्त. तरी काच हातात घेताना आजही दिसेल का याची धाकधूक असतेच.

अशाच एका काचेमागचा मुलगा मला कायम आठवतो. विशीतला, तगडा, गावाच्या संघात कबड्डी खेळणारा. डीईसी या कृमींवरच्या औषधाच्या बारा दिवसांच्या गोळ्या घेऊन आशाताई आणि मी त्याच्या घरी गेलो, तर तो स्वतःचे दोन्ही पाय पुढे करून म्हणाला, ‘माहा पाय तं चांगला हाय न, ताई. मले कायचा हत्तीपाय?’ त्याचं खरं होतं. त्याला काहीच होत नव्हतं, ताप नाही, सूज नाही. पण त्याला चावलेला डास पुढे कोणाला चावेल याचा भरवसा नव्हता. सूज आलेल्या माणसाच्या रक्तात पुष्कळदा एकही पिल्लू सापडत नाही, आणि ज्याच्या रक्तात सापडतं तो धडधाकट फिरत असतो. रोगी दिसतो तिथून रोग पसरत नाही. गावातल्या प्रत्येकाने गोळी का खायची, याचं सगळं उत्तर एवढ्यात आहे, आणि नेमकं हेच लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण जातं.

देशात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. सगळ्यांनी वर्षातून एकदा गोळ्या खाण्याची सार्वत्रिक मोहीम २००४पासून देशभर चालू झाली. आधी दोन औषधं होती, डीईसी आणि अल्बेंडाझोल. जानेवारी २०१९मध्ये आमच्या नागपूर जिल्ह्यात त्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषध आलं. बिहारचं अरवल, झारखंडचं सिमडेगा, उत्तर प्रदेशचं वाराणसी आणि आपलं नागपूर, हे तीन औषधांच्या मोहिमेचे देशातले पहिले चार जिल्हे. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत या तिघांचा एकच डोस घेतलेल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांच्या रक्तात तीन वर्षांनंतरही पिल्लं सापडली नव्हती. ते वाचलं तेव्हा वाटलं, आता सुटलो. दोन चांगल्या फेऱ्या झाल्या की संपलं.

पण चांगली फेरी म्हणजे काय, ते दारात उभं राहिल्यावर कळतं. मोठ्या माणसाला डीईसीच्या ३ गोळ्या, अल्बेंडाझोलची १ चावून खायची, आणि आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे ४पर्यंत. म्हणजे ज्याला काहीही झालेलं नाही अशा माणसाच्या तळहातावर तुम्ही आठ गोळ्या ठेवता आणि म्हणता, आत्ता, माझ्यासमोर खा. रिकाम्या पोटी चालत नाही. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस यांना काहीच द्यायचं नाही. पाच वर्षांखालच्याला आयव्हरमेक्टिन नाही. उंची मोजायची पट्टी भिंतीला लावली की लेकरं आधी धावत येतात, त्यांना गंमत वाटते. सासऱ्यासमोर उंची मोजून घ्यायला सून लाजते, तिला आतल्या खोलीत न्यावं लागतं. पुरुष शेतावर नाहीतर कंपनीत. संध्याकाळी परत जावं लागतं, रविवारी परत जावं लागतं.

आणि सगळीकडे एक वाक्य: ‘ठेवून जा, जेवल्यावर खाऊ.’

हे वाक्य मला काचेवरच्या जिवापेक्षा धोकादायक वाटतं. गोळ्या ठेवून गेलं की काम झाल्यासारखं होतं. रजिस्टर भरतं, बोटाला शाई लागते, टक्केवारी वर जाते. गोळ्या मात्र देवळीत राहतात. पुढच्या फेरीला गेल्यावर त्याच देवळीतून मागच्या वर्षीची पुडी काढून दिलेली मी पाहिली आहे. कागदावरचे आकडे कितीही चांगले असले तरी रात्रीची काच खरंच बोलते. म्हणून समोर बसून खाऊ घालण्याला पर्याय नाही, मग त्या घरात चहा प्यावा लागो की त्यांच्या म्हशीची चौकशी करावी लागो. चांगल्या आशाताई हे जाणतात. घरात कोण कधी जेवतं हे त्यांना पाठ असतं आणि त्या त्याच वेळेला जातात. त्यांना मिळणारं मोहिमेचं मानधन तुटपुंजं असतं आणि तेही वेळेवर हातात पडत नाही. तरी पुढच्या फेरीला त्याच येतात. कार्यक्रम टिकलाय तो या बायांच्या चिकाटीवर, असं मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगेन.

दुसरा अडसर गोळ्या खाल्ल्यानंतरचा. कोणाला ताप येतो, कोणाला चक्कर, मळमळ, डोकं दुखणं. बहुतेकदा अंगातली पिल्लं एकदम मेल्यामुळे हे होतं, एक-दोन दिवसांत उतरतं. म्हणजे ज्याला त्रास झाला त्यालाच त्या गोळ्यांची सगळ्यात जास्त गरज होती. हे गोळ्या देण्याआधी सांगितलं तर माणूस समजून घेतो. ताप आल्यावर सांगितलं तर ती सारवासारव वाटते, आणि ‘मागच्या खेपेले उलटी झाली, आता नाई खात’ हे पुढची कित्येक वर्षं त्या गल्लीत ऐकू येतं. आमच्याकडे तातडीने धावून जाणारं पथक असतं. ते त्याच रात्री घरी पोचलं की गाव आपल्या बाजूने वळतं. पोचलं नाही की गाव गमावलं.

गावात निदान दार तरी उघडतं. शहरातल्या फ्लॅट स्कीममध्ये चौकीदारच थांबवतो. एका सुशिक्षित गृहस्थांनी मला गेटवरच सांगितलं की हे सगळं झोपडपट्टीत वाटा, इथे गरज नाही. मी त्यांना त्यांच्याच इमारतीमागचा सेप्टिक टँक दाखवला. क्युलेक्सला घाण पाणी लागतं: तुंबलेली गटारं, उघडं सांडपाणी, सेप्टिक टँक. संडासाच्या गॅस पाइपला जाळी नसेल तर डास तिथून सुखाने आत-बाहेर करतात. गावात आम्ही जुनी साडी, जुना मोजा, काहीही बांधा म्हणतो आणि लोक बांधतात. मोठ्या सोसायटीत हेच काम कोणाचं, यावर महिनोन्‌महिने बैठका होतात.

आता गावातल्या एका आजींबद्दल. त्यांच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली सूज आहे, बरीच जुनी. गावातल्या लग्नांना त्यांनी जाणं सोडलं, बसमध्ये लोक सरकून बसतात म्हणून. दर काही आठवड्यांनी थंडी वाजून ताप यायचा, पाय लालबुंद व्हायचा, मग आठवडाभर खाटेवर. या झटक्यांचं कारण बोटांच्या बेचक्यातल्या भेगा असतात. तिथून साधे जिवाणू आत शिरतात आणि प्रत्येक झटक्यागणिक पाय आणखी जाड होतो. मी त्यांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असलेला संच घेऊन पाय धुवायला शिकवलं. पाणी साधंच, गरम नाही. घासायचं नाही, हलक्या हाताने साबण लावायचा. मग सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक बोटाची बेचकी कोरडी करायची. भेगेत मलम. बसताना, झोपताना पाय उंच. टाचा वर-खाली करायचा व्यायाम. पहिल्यांदा धुताना आजींनी पदर तोंडावर घेतला होता. इतक्या वर्षांत त्या पायाला घरातल्याही कोणी हात लावला नव्हता.

सूज पूर्ण उतरणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. खोटी आशा दाखवून केलेली मदत टिकत नाही. पण तापाचे झटके कमी झाले, मग फार क्वचित येऊ लागले. आता त्या अंगणवाडीपर्यंत नातवाला सोडायला जातात. मोहिमेत आधी स्वतः गोळ्या खातात आणि मग सुनेला म्हणतात, ‘माहं तं झालं. लेकराईले नोको व्हाले, बाप्पा.’ त्या गल्लीत गोळ्यांना नाही म्हणणारं एकही घर उरलेलं नाही, आणि ते काम आजींनी केलंय. ज्या गावात हत्तीपायाच्या रुग्णाची कोणी विचारपूस केली नाही, तिथे लोक आम्हाला तोंडावर विचारतात: यायच्यासाठी काई केलं नाई, आमाले कायले गोया देता? त्यांचा प्रश्न रास्त आहे. हत्तीरोगामुळे होणाऱ्या अंडवृद्धीचं, लोक हायड्रोसिल म्हणतात त्याचं, ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं; ते करून बरा झालेला एक माणूस गावात असला तर दहा जण लपवणं सोडतात.

निर्मूलनाची तारीख मी पुढे सरकताना पाहत आले. आधी २०१५ होती, मग २०१७, मग २०२०. आता २०२७ आहे, जगाच्या २०३०च्या लक्ष्याच्या तीन वर्षं आधी. मध्ये एप्रिल २०२०मध्ये कोविडमुळे जागतिक आरोग्य संघटनेने घरोघरच्या मोहिमा आणि सर्वेक्षणं पुढे ढकलायला सांगितली. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, पण डासांनी सुट्टी घेतली नाही. पुढे २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांसाठी २००६पासून चालत आलेला तिचा कार्यक्रमही त्यात गेला. आफ्रिकेतल्या कित्येक देशांच्या मोहिमा त्यावर उभ्या होत्या. आपला कार्यक्रम मुख्यतः आपल्या पैशावर चालतो. पण आयव्हरमेक्टिन कंपनीच्या देणगीतून, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत येतं. देणगी आटली, तर त्या गोळीची तरतूद आपल्या अंदाजपत्रकात आहे का, हा प्रश्न आजच विचारायला हवा. आणि रात्री रक्त घेऊन काच वाचू शकणाऱ्या माणसांची पदं भरलेली आहेत का, हाही. सुजलेला पाय कोणालाही दिसतो. पाव मिलिमीटरचा जीव ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि कंत्राट संपून तो डोळा निघून गेला की पुढचा तयार व्हायला वेळ लागतो.

कुष्ठरोगाचं विदर्भाने पाहिलंच आहे. दत्तपूर, आनंदवन या कुष्ठधामांची नावं इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. डिसेंबर २००५मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग संपल्याचं जाहीर झालं. वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, लक्ष इतरत्र गेलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं दरवर्षी लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडत राहिले. हत्तीरोगाचं तसं व्हायला नको, असं मला फार मनापासून वाटतं. शेजारच्या श्रीलंकेने २०१६ साली आणि बांगलादेशाने २०२३ साली हत्तीरोगाचं निर्मूलन करून दाखवलं आहे. गोळ्या थांबवल्यानंतरही ते वर्षानुवर्षं तपासत राहिले, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोहोर त्यानंतर उमटली.

हे तपासत राहणं कसं असतं, ते शाळेत दिसतं. गावातल्या काचांमध्ये पिल्लांचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं की पुढची पायरी म्हणजे सहा-सात वर्षांची, पहिली-दुसरीतली मुलं. ती मोहिमा सुरू झाल्यानंतर जन्मलेली असतात. त्यांच्या रक्तात कृमीची खूण सापडली तर संसर्ग ताजा आहे, डासांची साखळी तुटलेली नाही. ही चाचणी पट्टीची असते, दिवसाही चालते, आणि निकाल बरोबर दहा मिनिटांनी वाचायचा असतो. उशिरा वाचला तर रेघ चुकीची उमटू शकते. वर्गात मुलं ओळीने बसलेली, एकमेकांना ‘दुखत नाई बे’ म्हणून धीर देणारी, आणि आम्ही घड्याळाकडे बघत. मुलं उत्तीर्ण झाली तर गोळ्या थांबतात. मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्याच वयाची नवी मुलं, आणि त्यानंतर आणखी एकदा. म्हणजे गोळ्या थांबल्यावरही चार-सहा वर्षं कोणीतरी पट्ट्या मागवायच्या, गाडी मिळवायची, मुख्याध्यापकांची परवानगी घ्यायची. या काळात ना बातमी येते, ना उद्घाटन होतं. निधी मागायला गेलं की विचारतात, रुग्ण किती? शून्य म्हटलं तर फाइल खाली जाते. माझं म्हणणं असं की शून्य लिहिलेल्या फाइलला सगळ्यात आधी निधी मिळाला पाहिजे, कारण ते शून्य खरं आहे की नाही हे सांगणारं दुसरं काहीच आपल्याकडे नाही.

मोहीम राष्ट्रीय पातळीवर साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असते. तुमचा तालुका किंवा प्रभाग त्यात आहे का, हे जवळच्या आरोग्य केंद्रात कळतं. असेल तर त्या दिवशी जेवून घ्या आणि गोळ्या आशाताईंसमोरच खा. सोसायटीचे सचिव असाल तर चौकीदाराला आधी सांगून ठेवा आणि गॅस पाइपच्या जाळ्यांचा विषय तेवढा एकदा मार्गी लावा. रात्री साडेआठनंतर आम्ही दार वाजवलं, तर डावा हात पुढे करा. दोन मिनिटांत होतं.